बॅकअप आहे हो, पण तो पुसू कोण शकतं?

२१ मार्च २०२१, रविवार. पहाटे अडीचच्या सुमाराला महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या, म्हणजे आपल्या एमआयडीसीच्या यंत्रणेकडून आपोआप इशारे यायला लागले. ॲप्लिकेशन्स बंद पडत होती. दिवसभरात कारण कळलं: 'सिनॅक' नावाचं रॅन्समवेअर. क्लाउडवरचे सर्व्हर आणि महामंडळाचे स्वतःचे सर्व्हर, दोन्हीकडच्या डेटाला हल्लेखोरांनी स्वतःचं कुलूप घातलं होतं. वेगवेगळ्या कार्यालयांतल्या काही पीसींनाही लागण झाली होती.

पुढचे काही दिवस '५०० कोटींची खंडणी' अशा बातम्या फिरल्या. महामंडळाने मात्र सांगितलं की हल्लेखोरांच्या चिठ्ठीत रक्कम लिहिलेलीच नव्हती. त्याच निवेदनात आणखी एक गोष्ट होती, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणात तीच सगळ्यात महत्त्वाची होती: बॅकअपच्या फायली क्लाउड डेटा सेंटरमध्ये वेगळ्या नेटवर्क भागात ठेवलेल्या होत्या आणि त्यांना लागण झाली नव्हती.

मी मूळची जालना जिल्ह्यातल्या अंबडची. (एमआयडीसी म्हटलं की लोकांना नाशिकचं अंबड आठवतं. ते वेगळं.) आता पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि सर्व्हरचे बॅकअप हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. सायबर हल्ल्याची बातमी आली की सगळे एकच प्रश्न विचारतात: 'बॅकअप होता का?' हा प्रश्न आता जुना झालाय. खरे प्रश्न दोन: तो बॅकअप पुसायचा अधिकार कोणाकडे होता? आणि तो किती दिवसांचा होता? या दोन प्रश्नांना तांत्रिक भाषेत इम्युटेबिलिटी आणि रिटेन्शन म्हणतात. शब्द जड आहेत, गोष्ट सोपी आहे.

हे माझ्या फोनशी कसं जोडलंय?

३१ जुलै २०२४ आठवा. सी-एज टेक्नॉलॉजीज ही कंपनी देशभरातल्या छोट्या बँकांना तांत्रिक सेवा पुरवते. तिच्यावर रॅन्समवेअर हल्ला झाला, आणि लागण पसरू नये म्हणून एनपीसीआयने तिला पेमेंट व्यवस्थेपासून तात्पुरतं तोडलं. बातम्यांनुसार सुमारे ३०० छोट्या बँकांच्या ग्राहकांना फटका बसला. त्यात सहकारी बँका होत्या, ग्रामीण बँका होत्या. म्हणजे मुंबईच्या मोठ्या बँकेत खातं असलेल्याचं यूपीआय चालू आणि तालुक्याच्या बँकेत खातं असलेल्याचं बंद. दुसऱ्या दिवशी जोडणी परत सुरू झाली, म्हणून विषय मागे पडला.

तुमचा सातबारा, दवाखान्याचा केस पेपर, कॉलेजचा निकाल, पतसंस्थेतलं खातं, हे सगळं कुठल्या तरी सर्व्हरवर असतं. तुम्ही फोनवर बघता ती फक्त खिडकी. आणि आजकाल तो सर्व्हर बहुतेक वेळा व्हर्च्युअल मशीन असतो.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे काय?

एक मोठा वाडा आणि त्यात दहा बिऱ्हाडं, असं समजा. वाडा म्हणजे खरा सर्व्हर. बिऱ्हाडं म्हणजे व्हर्च्युअल मशीन. प्रत्येकाचा दरवाजा वेगळा, चूल वेगळी, पण पाया आणि छप्पर एकच. एका बिऱ्हाडात निकाल लावणारं सॉफ्टवेअर चालतं, दुसऱ्यात हिशोबाचं.

आता गंमत बघा. व्हर्च्युअल मशीन हा अख्खा संगणक असला तरी वाड्याच्या दृष्टीने तो चार-दोन मोठ्या फायलींचा गठ्ठा असतो. म्हणून त्याचा बॅकअप घेणं सोपं. फायली उचला, दुसरीकडे ठेवा, गरज पडली की दुसऱ्या वाड्यात तेच बिऱ्हाड जसंच्या तसं मांडा. पण याच कारणाने त्याचा घात करणंही सोपं. हल्लेखोराला आतली लाखभर कागदपत्रं शोधत बसावं लागत नाही. वाड्याच्या मालकाची किल्ली मिळाली की चार फायलींना कुलूप घातलं, दहाही बिऱ्हाडं गप्प.

आणि ऑब्जेक्ट स्टोरेज?

वखार महामंडळाच्या गोदामात पोतं ठेवलं की पावती मिळते. पावती दाखवली की पोतं मिळतं. गोदामात बसून पोत्यातले मूठभर हरभरे बदलता येत नाहीत. बदल करायचा तर नवीन पोतं ठेवा. ऑब्जेक्ट स्टोरेज असंच चालतं. फाइल पूर्ण ठेवायची, पूर्ण घ्यायची, किंवा पूर्ण काढून टाकायची. ज्या कप्प्यात ठेवायची त्याला बकेट म्हणतात. ॲमेझॉनची एस-थ्री ही सेवा २००६ मध्ये सुरू झाली. आज गुगल, मायक्रोसॉफ्ट आणि आपल्याकडच्या क्लाउड कंपन्याही असं स्टोरेज देतात.

हे स्वस्त पडतं, कितीही वाढवता येतं, म्हणून व्हर्च्युअल मशीनचे बॅकअप आता मोठ्या प्रमाणावर तिथेच जातात. आणि म्हणूनच हल्लेखोरही तिथेच जातात. सोफोस या सुरक्षा कंपनीच्या २०२४ च्या सर्वेक्षणात, रॅन्समवेअरचा फटका बसलेल्या संस्थांपैकी ९४ टक्के संस्थांनी सांगितलं की हल्लेखोरांनी बॅकअपवरही हात टाकायचा प्रयत्न केला. त्यातले ५७ टक्के प्रयत्न यशस्वी झाले. साहजिक आहे. बॅकअप शाबूत असेल तर खंडणी कोण देईल?

कुलूप तोडत नाहीत, किल्लीने उघडतात

कोड स्पेसेस नावाची एक कंपनी होती. प्रोग्रामरांचा कोड सांभाळायची. जून २०१४ मध्ये कोणीतरी तिच्या ॲमेझॉन क्लाउडच्या नियंत्रण पॅनलमध्ये शिरलं, पैसे मागितले, आणि कंपनीने ताबा परत घ्यायला सुरुवात केल्यावर एकेक गोष्ट पुसायला लागलं. सर्व्हर गेले, डेटा गेला, बॅकअपही गेले, कारण सगळं त्याच एका लॉगिनखाली होतं. कंपनीला गाशा गुंडाळावा लागला.

जानेवारी २०२५ मध्ये 'कोडफिंगर' नावाने ओळखला गेलेला प्रकार आणखी चलाख होता. हल्लेखोरांनी चोरलेल्या किल्ल्या वापरून लोकांच्या एस-थ्री बकेटमधल्या फायली ॲमेझॉनच्याच एन्क्रिप्शन सुविधेने कुलूपबंद केल्या. वर त्या सात दिवसांत आपोआप पुसल्या जातील असा नियम लावून ठेवला. व्हायरस नाही, घुसखोरीचं सॉफ्टवेअर नाही. सेवेच्या दृष्टीने सगळ्या आज्ञा अधिकृत लॉगिनमधून आल्या होत्या.

अधिकृत लॉगिनचा प्रश्न आमच्या तालुक्यालाही नवा नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये अंबड पोलीस ठाण्यात अतिवृष्टी अनुदान घोटाळ्याचा गुन्हा दाखल झाला. अंबड आणि घनसावंगी तालुक्यांतल्या शेतकऱ्यांसाठी आलेल्या पैशांपैकी २४ कोटींहून जास्त रक्कम बोगस नावांवर वळवल्याचा आरोप आहे. त्यासाठी वरिष्ठांचे लॉगिन आणि पासवर्ड वापरले गेले, असाही आरोप आहे. दोषी कोण, हे न्यायालय ठरवेल. हा बॅकअपवरचा हल्ला नव्हता, हेही मान्य. पण तांत्रिक धडा तोच आहे. संगणक माणूस ओळखत नाही, लॉगिन ओळखतो. लॉगिन बरोबर असेल तर तो पैसे पाठवायलाही तयार आणि पुसायलाही तयार.

म्हणून बॅकअपला असं कुलूप हवं, जे बरोबर पासवर्ड टाकूनही मुदतीआधी उघडत नाही.

सातबाऱ्यावरचा कंस

हे कुलूप कसं चालतं ते समजायला सातबारा आठवा. जमीन विकली की जुन्या मालकाचं नाव खोडरबराने पुसत नाहीत. त्याला कंस करतात आणि फेरफार क्रमांकासह नवं नाव लावतात. कंसातलं नाव आता चालू नसतं, पण वाचता येतं.

ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये व्हर्जनिंग चालू केलं की असंच होतं. त्याच नावाची नवी फाइल आली तर जुनी आवृत्ती मागे राहते. कोणी 'डिलीट' म्हटलं तर फायलीवर फक्त पुसल्याची खूण लागते, म्हणजे कंस होतो. खालची आवृत्ती तशीच असते.

पण एवढ्याने भागत नाही. ज्याच्याकडे जास्त अधिकार आहेत तो 'मला ती जुनी आवृत्तीच काढून टाकायची आहे' अशी वेगळी आज्ञा देऊ शकतो. इथे ऑब्जेक्ट लॉक कामाला येतं. ॲमेझॉनने ही सोय नोव्हेंबर २०१८ मध्ये आणली. इतर सेवांमध्येही अशीच सोय वेगवेगळ्या नावांनी मिळते. प्रत्येक आवृत्तीवर तारीख लिहिली जाते: अमुक दिवसापर्यंत हिला कोणी हात लावायचा नाही. यालाच इम्युटेबल म्हणतात, म्हणजे न बदलणारं.

या लॉकचे दोन प्रकार आहेत, आणि सगळी मेख इथेच आहे.

गव्हर्नन्स मोड हा साध्या एफडीसारखा. मुदत असते, पण खास परवानगी असलेला माणूस मुदतीआधी मोडू शकतो.

कम्प्लायन्स मोड हा पाच वर्षांच्या टॅक्स सेव्हर एफडीसारखा. मध्येच मोडता येत नाही. खात्याचा सर्वोच्च मालक, ज्याला रूट युजर म्हणतात, त्यालाही नाही. मुदत वाढवता येते, कमी करता येत नाही.

तिसरी सोय म्हणजे लीगल होल्ड. याला तारीख नसते. 'मी सांगेपर्यंत हलवायचं नाही' असा शिक्का. चौकशी किंवा कोर्टाचं प्रकरण चालू असेल तेव्हा उपयोगी. पण ज्याला परवानगी आहे तो हा शिक्का काढू शकतो, म्हणून रोजच्या संरक्षणासाठी त्यावर विसंबू नये.

अनेक ठिकाणी गव्हर्नन्स मोड लावून 'आमचे बॅकअप इम्युटेबल आहेत' असं सांगितलं जातं. खोटं नाही, पण अर्धं आहे. मोडायची परवानगी असलेलं लॉगिन चोरीला गेलं तर ते कुलूप कागदाचं. माझा साधा नियम असा: चाचणी चालू असेपर्यंत गव्हर्नन्स, हिशोब पक्का झाला की कम्प्लायन्स.

मग कायमचं कुलूप का नको?

कारण कम्प्लायन्स मोड चूक माफ करत नाही. ३० दिवसांऐवजी ३० वर्षं टाकली, तर तो डेटा ३० वर्षं तिथेच राहणार आणि दर महिन्याला त्याचं भाडं लागणार. ॲमेझॉनवर त्यातून सुटायचा एकच मार्ग आहे, तो म्हणजे अख्खं खातंच बंद करणं. ज्याच्या हातात खातं बंद करायचा अधिकार आहे, तोही म्हणूनच धोक्याचा मुद्दा. बॅकअपचं खातं रोजच्या कामाच्या खात्यापासून वेगळं ठेवायचं ते यासाठी.

आता पैशाचा हिशोब करू. समजा एका व्हर्च्युअल मशीनचा पूर्ण बॅकअप ५०० जीबीचा आहे आणि रोज १० जीबी बदल होतात. एकदा पूर्ण आणि पुढचे २९ दिवस फक्त बदल घेतले तर ३० दिवसांसाठी ७९० जीबी लागतात. दर आठवड्याला नवा पूर्ण बॅकअप घेतला तर ३० दिवसांत पाच पूर्ण आणि २५ बदलांचे, म्हणजे २,७५० जीबी. दिवस तेवढेच, जागा साडेतीन पटींच्या आसपास. रिटेन्शनचा आकडा हा असा थेट बिलात उतरतो. म्हणून छोट्या संस्था तो कमी ठेवतात, आणि तिथेच फसतात.

सात दिवसांचं गणित का चुकतं

फसण्याच्या दोन पद्धती मी वारंवार बघते.

पहिली: साखळी. समजा रविवारी पूर्ण बॅकअप आणि सोमवार ते शनिवार फक्त बदल. प्रत्येक फायलीला सात दिवसांचं कुलूप. शनिवारची फाइल पुढच्या शनिवारपर्यंत सुरक्षित. पण ती एकटी काही कामाची नाही, तिला रविवारचा पाया लागतो. आणि त्या पायाचं कुलूप पुढच्या रविवारीच उघडलं. त्यानंतरचे सहा दिवस हल्लेखोर पाया पुसू शकतो आणि वरची कुलूपबंद फाइल कुलपातच निरुपयोगी होते. चांगलं बॅकअप सॉफ्टवेअर साखळीतल्या पायाची मुदत स्वतःहून वाढवतं. कोणी हाताने स्क्रिप्ट लिहून बकेटला सरसकट सात दिवस लावले असतील, तर हे भोक राहतं. उपाय सोपा आहे: सात दिवसांची हमी हवी असेल तर कुलूप किमान चौदा दिवसांचं लावा.

दुसरी: हल्लेखोराची सबुरी. तो आज शिरतो आणि आजच दंगा करतो असं नसतं. बरेचदा तो आत बसून राहतो, किल्ल्या गोळा करतो, बॅकअप कुठे जातात ते बघतो. तो वीस दिवस आधी शिरलेला असेल आणि तुमच्याकडे सातच दिवसांचे बॅकअप असतील, तर सातही बॅकअपमध्ये तो आधीच बसलेला आहे. इम्युटेबल आहेत, म्हणजे रोगासकट गोठलेले. म्हणून थर लावतात: रोजचे बॅकअप ३० दिवस, आठवड्याचे तीन महिने, महिन्याचे वर्षभर. जुने थोडे, नवे जास्त. सगळं कायम ठेवायची गरज पडत नाही आणि मागे जायची वाट उघडी राहते.

मुदतीचाच घात: युनिसुपर

रिटेन्शन ही किरकोळ सेटिंग वाटत असेल तर मे २०२४ मधली ऑस्ट्रेलियाची गोष्ट ऐका. युनिसुपर हा तिथला मोठा निवृत्तिवेतन फंड, सहा लाखांहून जास्त सदस्य. त्यांची व्हर्च्युअल मशीन गुगल क्लाउडवर होती. एक दिवस त्यातली बरीच पुसली गेली. हल्ला नव्हताच. गुगलने नंतर कारण सांगितलं: सुरुवातीला ती यंत्रणा उभी करताना गुगलच्या कर्मचाऱ्यांकडून एक रकाना रिकामा राहिला होता. रिकाम्या रकान्याचा अर्थ यंत्रणेने 'ठराविक मुदतीसाठी' असा घेतला, आणि मुदत संपल्यावर सगळं आपोआप काढून टाकलं.

वाचवलं कशाने? गुगलच्याच ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये ठेवलेल्या बॅकअपला धक्का लागला नव्हता, आणि दुसऱ्या कंपनीचं बॅकअप सॉफ्टवेअरही होतं. त्यातून सगळं परत उभं राहिलं. पुसणारा हात प्रत्येक वेळी चोराचाच असतो असं नाही. कधी तो रिकाम्या रकान्याचाही असतो.

कॉपी म्हणजे बॅकअप नव्हे

२७ जून २०१७ ला 'नॉटपेट्या' जगभर पसरलं. न्हावाशेवाच्या जेएनपीटी बंदरातलं मर्स्क समूहाचं टर्मिनलही त्यात ठप्प झालं. मर्स्कच्या जगभरच्या नेटवर्कमध्ये लॉगिनची यादी सांभाळणारे दीडशेच्या आसपास सर्व्हर होते आणि ते एकमेकांशी सतत जुळवून घेत असत. एक गेला तर दुसरा आहे, असा हिशोब. हल्ल्यात सगळे एकदम गेले. एकच वाचला, आफ्रिकेतल्या घानामधला, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली होती आणि सर्व्हर नेटवर्कवरच नव्हता. भारनियमनाला दुवा देणारी ही बहुधा एकमेव गोष्ट असेल.

यातला मुद्दा तुमच्या फोनलाही लागू आहे. गुगल फोटोजमध्ये बॅकअप घेतलेला फोटो ॲपमधून डिलीट केला की तो क्लाउडवरूनही जातो. ६० दिवस ट्रॅशमध्ये असतो, मग कायमचा. ते ६० दिवस म्हणजे तुमचं रिटेन्शन. पण ट्रॅश तुम्ही स्वतः आधीच रिकामा करू शकता, म्हणजे इम्युटेबिलिटी शून्य. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपचा गुगल खात्यातला बॅकअप तर नवा आला की जुन्याच्या जागीच बसतो. आज चुकून चॅट उडवलं आणि रात्री बॅकअप झाला, की कालचं चॅट तिथूनही गेलं.

आणि एकाच इमारतीत सगळं ठेवणं? २६ सप्टेंबर २०२५ ला दक्षिण कोरियात देजॉन इथल्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली. सरकारी कर्मचारी कागदपत्रं ठेवायचे ती 'जी-ड्राइव्ह' नावाची ८५८ टीबीची साठवण जळाली. तिचा बाहेर बॅकअप नव्हता. डेटा फार मोठा आहे, हेच कारण दिलं गेलं. इंटरनेटच्या वेगात जगात पुढे असलेल्या देशाची ही कथा.

कायदा काय म्हणतो

आपल्याकडे आता दोन्ही बाजूंनी ओढ आहे.

सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संस्थांनी आपल्या यंत्रणांचे लॉग १८० दिवस ठेवायला हवेत आणि सायबर घटना सहा तासांत कळवायला हवी. म्हणजे कोण कधी आलं आणि काय केलं याची नोंद सहा महिने हवी. ती नोंद पुसता येत असेल तर ठेवून उपयोग काय? लॉगसाठी वेगळी कुलूपबंद बकेट असावी असं मी म्हणते ते यामुळे.

दुसरीकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. ज्या कामासाठी तुमची माहिती घेतली ते काम संपलं आणि दुसऱ्या कुठल्या कायद्याने ती ठेवणं भाग नसेल, तर ती काढून टाकायला हवी, ही त्याची मुख्य दिशा. आता तीच माहिती दहा वर्षांच्या कम्प्लायन्स लॉकमध्ये अडकली असेल तर? पुसता येणारच नाही.

म्हणून रिटेन्शनला खालची मर्यादा असते तशी वरचीही असते. 'जास्त दिवस म्हणजे जास्त सुरक्षित' हे खरं नाही. जितके दिवस परत जायची गरज पडू शकते तितके ठेवा. त्यापुढे ती जबाबदारी होते.

कुलूप काय करत नाही

हे सांगितल्याशिवाय लेख संपवणं बरोबर नाही. इम्युटेबल बॅकअप चोरी थांबवत नाही. हल्लेखोर डेटा वाचून बाहेर नेऊ शकतो आणि 'जाहीर करू' अशी धमकी देऊ शकतो. त्यासाठी बॅकअप एन्क्रिप्ट करून किल्ली वेगळीकडे ठेवावी लागते. कुलूप बॅकअप चांगला आहे की अर्धवट, हेही तपासत नाही. अर्धवट बॅकअपही तो तितक्याच निष्ठेने जपतो. आणि परत उभं राहायचा वेळ कमी करत नाही. दिल्लीच्या एम्समध्ये २३ नोव्हेंबर २०२२ ला पाच सर्व्हरवरचा सुमारे १.३ टीबी डेटा एन्क्रिप्ट झाला. ई-हॉस्पिटलचा सगळा डेटा लागण न झालेल्या बॅकअप सर्व्हरवरून परत मिळाला, असं सरकारने लोकसभेत सांगितलं. तरीही नोंदणी, अपॉइंटमेंट, डिस्चार्ज अशी बहुतेक कामं ऑनलाइन व्हायला दोन आठवडे लागले. तोवर रुग्णांच्या रांगा आणि हाताने लिहिलेले कागद. बॅकअप असूनही दोन आठवडे. नसता तर काय झालं असतं, याची कल्पना करा.

विचारायचे पाच प्रश्न

तुमच्यापैकी काही जण पुढे पतसंस्थेत, कॉलेजच्या ऑफिसात, दवाखान्यात किंवा नगरपरिषदेत संगणकाचं काम बघतील. काही आत्ताच बघत असतील. सॉफ्टवेअरवाला 'बॅकअप आहे सर, काळजी नको' म्हणाला की हे पाच प्रश्न विचारा.

१. बॅकअपवर लॉक आहे का, आणि तो गव्हर्नन्स आहे की कम्प्लायन्स?

२. लॉक किती दिवसांचा? साखळीतल्या सगळ्यात जुन्या पूर्ण बॅकअपलाही तो पुरतो का?

३. बॅकअपचं खातं आणि रोजच्या सर्व्हरचं खातं, दोन्हींचे लॉगिन वेगळे आहेत का? दोन्हींना ओटीपीसारखी दुसरी पायरी आहे का?

४. बकेटमधून जुनं काढायचं काम कोण करतं, बॅकअप सॉफ्टवेअर की क्लाउडचा स्वतःचा नियम? दोघांनाही ते काम दिलं असेल तर गोंधळ ठरलेला. एका बकेटला एकच मालक हवा.

५. शेवटचं रिस्टोअर करून कधी बघितलं? तारीख सांगा.

पाचवा प्रश्न ऐकून बरेच जण गप्प होतात. या क्षेत्रात ३-२-१-१-० असा एक नियम सांगतात: तीन प्रती, दोन प्रकारच्या साठवणीवर, एक दुसऱ्या ठिकाणी, एक इम्युटेबल किंवा नेटवर्कपासून तोडलेली, आणि रिस्टोअर करताना शून्य चुका. शेवटचं शून्य सगळ्यात कठीण, कारण ते विकत मिळत नाही. दर महिन्याला कोणीतरी बसून एक व्हर्च्युअल मशीन परत उभं करून बघावं लागतं.

सरकारी कार्यालयांच्या बाबतीत माझं मत आणखी स्पष्ट आहे. क्लाउडच्या निविदेत 'बॅकअप सुविधा: होय' एवढं लिहून चालणार नाही. लॉकचा प्रकार, दिवस, वेगळं खातं आणि रिस्टोअरच्या चाचणीची तारीख, या चार गोष्टी लिहून मागाव्यात आणि घटना घडली की जाहीरही कराव्यात. एमआयडीसीने २०२१ मध्ये निदान एवढं सांगितलं की बॅकअप वेगळ्या ठिकाणी होते. प्रत्येक संस्थेने तेवढं तरी सांगायला हवं. सातबारा आणि केस पेपर आपले आहेत. ते कोणाच्या पासवर्डने पुसले जाऊ शकतात, हे विचारायचा हक्कही आपलाच आहे.